रेडिओचा एजंट आणि रिकामं जातं

माझ्या धाकट्या जावेचा गळा चांगला होता, हे मी आता कबूल करते. तेव्हा कुणी सुळावर चढवलं असतं तरी केलं नसतं. ती घरात येईपर्यंत चार वर्षं लग्नकार्यात गाणं म्हणजे मीच. हळद दळायची असो की बारसं असो, बायका माझी वाट बघत थांबायच्या. ही आली आणि सहा महिन्यांत त्याच बायका मला विचारायला लागल्या, धाकटी कुठाय?

आम्ही बदनापूरला राहायचो. शेजारी मारवाडी शेठजींचं घर. सगळ्या गल्लीत रेडिओ एकच, तो त्यांच्याकडे. शेठाणी दुपारी खिडकी उघडी ठेवायच्या, बाईचं मन मोठं. धाकटी भिंतीला टेकून ऐकायची आणि ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायची. नुसते शब्द नाहीत. मधली पेटी आणि बासरी तोंडाने, तबला तपेल्यावर. सुरुवातीचं निवेदकाचं बोलणंसुद्धा तिला पाठ. सासूबाई हसून हसून डोळे पुसायच्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास बाजाराच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला. शेठाणींनी आम्हा दोघींना बरोबर नेलं. सिनेमा सगळा रेडिओवर गाणाऱ्यांचा. दोन एजंट, एक जाडा आणि एक काटकुळा, नवीन आवाज हुडकत गावोगाव फिरतात. एकमेकांच्या पायात पाय घालतात, भलतीच बाई नेऊन मायकासमोर उभी करतात आणि ऐन वेळी तिच्या तोंडून आवाजच फुटत नाही. बायकांच्या बाजूला नुसता हशा. शेवटी खरी गाणारी सापडते, ती कुणाच्या तरी घरी भांडी घासत असते. तिथे धाकटीने माझा हात दाबला. मी तो सोडवून घेतला. असे एजंट खरेच असणार, आणि आले तर आधी माझा आवाज त्यांच्या कानावर पडला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पंधरा दिवसांनी भर दुपारी कोट-टोपीतला एक माणूस शेठजींच्या घरातून निघाला आणि काखेतली चामडी बॅग सांभाळत आमच्या ओसरीवर येऊन टेकला. शेठाणींनी खिडकीतून हळूच सांगितलं, रेडिओचा साहेब आहे. आलाच की एजंट! सकाळी घासलेली तपेली पुन्हा चिंचेने घासायला म्हणून मी धाकटीला परसात पिटाळलं. वाईट वाटलं का? बिलकुल नाही.

ओसरीवर सासरे होते, तेव्हा परक्या माणसापुढे जायची सोय नव्हती. मी माजघरात दाराआड जात्यावर बसले आणि ओवी धरली. जात्यात दाणा नव्हता. रिकामं जातं ओढू नये म्हणतात, पण जोंधळे काढायला वेळ कुठला? दगडावर दगड घासत होता आणि मी छाती फुटेस्तोवर गात होते. दोन ओव्या झाल्या, तिसरी चालू होती, तेवढ्यात तो साहेब सासऱ्यांना म्हणाला, "काका, ते जातं थांबवाया सांगा जरा. काही ऐकू येईना."

माझा हात जागच्या जागी थांबला. आणि मग परसातून स्वच्छ ऐकू आलं. आधी निवेदकाचं हिंदी, मग बासरी, मग तबला, मग त्या सिनेमातलं गाणं.

साहेबाने बॅगेतून पावतीपुस्तक काढलं. तो एजंट नव्हताच. तेव्हा घरी रेडिओ ठेवायला सरकारी लायसन लागायचं, ते तपासत फिरणारा माणूस तो. आमच्या माळवदावर लुगडी वाळवायची तार होती, ती त्याला रेडिओची एरियल वाटली म्हणून आत आला होता. घरात रेडिओ नाही, हे सासरे शपथेवर सांगत होते आणि तो विचारत होता, "मंग हे वाजून राह्यलं ते काय?"

सासऱ्यांसमोर धाकटी कधी गायली नव्हती, मला मात्र माहीत होतं. एका शब्दात सासरे सुटले असते. पण मी बोलले नाही. जावेच्या आवाजाला रेडिओ म्हणायचं, आणि तेही माझ्या तोंडाने? मी खुंटा धरून तशीच बसून राहिले.

शेवटी तो स्वतःच परसात गेला. धाकटी कोपरापर्यंत चिंचेने भरलेली, तळवा तपेल्यावर. परका माणूस बघून तिने पदर ओढला आणि गप्प झाली. त्याबरोबर रेडिओही बंद पडला.

साहेबाने पुस्तक मिटलं, टोपी काढली. "काका, हिला लायसन लागत न्हाई," तो म्हणाला. "पण तेवढं गाणं पुरं होऊ द्या."

सुनांशी कधी एका शब्दावर दुसरा न बोलणारे सासरे म्हणाले, "म्हण बाई." तिने म्हटलं. परसाच्या कुडापाशी गल्ली जमली. माझ्या ओव्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सासूबाईंनी तेवढं जात्यात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेल्या.

वैशाखात नणंदेचं लग्न निघालं. हळद दळायला सुवासिनी जात्याभोवती बसल्या. मी सवयीने खुंटा धरला आणि गाण्यासाठी तोंड उघडलं.

"थोरले, तू दळ," सासूबाई म्हणाल्या. "गाणं धाकटी म्हणंल. आन् जातं जरा हळू ओढ, तिचं ऐकू येऊ दे."

मी हळू ओढलं. इतकं हळू, इतक्या मोठ्या मुठी घालून, की हळद भरड निघाली. ती मी चाळलीही नाही. नवरीच्या गालाला लावायला पहिला मान थोरल्या वहिनीचा, तो मात्र कुणी काढून घेतला नव्हता. मी चांगली दाबून लावली.

"वैनी, टोचून राह्यली," नणंद म्हणाली.

"टोचू दे," मी म्हटलं. "तू गाणं ऐक."