चहाच्या गिलासातलं पुडिंग

त्या दिवशी सकाळीच भाईनं स्टँडवरच्या हॉटेलातून चहाचे चोवीस गिलास मांगून आणले. थैली खळखळ वाजत होती. मले म्हणे, "जैबुन, पाणी ठेव मोठ्या गंजात. पयले उकळू, मंग साबणानं धू, मंग अजून एकदा उकळू."

म्या म्हटलं, "तीन-तीनदा तं मय्यतले अंघोळ घालतात भाई. गिलासाले कायले?"

भाई हसला. म्हणे, "दुधाचा चहा पेले लोकं याच्यात. एक थेंब राह्यला तं पोट्टीचा गळा सुजते."

असं बोलली मी, त्याच दिवशी. जीभ झडली असती तं बरं झालं असतं.

भाई म्हणजे माझा मोठा भाऊ मोहिउद्दीन. उमरखेडात स्टँडच्या मागं त्याचं रिपेरिंगचं दुकान, अन् दुकानाच्या मागंच आमचं घर. चौदा वर्षाचा होता तवा पुसदले एका उस्तादाकडं रेडिओ शिकला. मंग टीव्ही आले, ते शिकला. मंग टीव्ही असे पातळ आले का उघडताच येत नाईत, तं मिक्सर अन् पंखे करू लागला. भाभी वारल्याले आठ वर्षं झाले. माझा मालक त्याच्याही आधी गेला, तवापासून मी भाईकडंच. भाईची पोरगी शमा पण इथंच राहते, नवरा तिचा हैदराबादले कामाले आहे. शमाची पोरगी इनाया. सात वर्षाची.

इनायाले दूध चालत नाई, अंडं चालत नाई, गहू नाई, शेंगदाणा तं बिलकुलच नाई. दोन वर्षाची होती तवा कोणीतरी चिक्कीचा तुकडा देल्ला हातात. सगळ्या अंगावर गांधी उठल्या, ओठ असे फुगले, श्वास घेता येईना. नांदेडच्या डॉक्टरनं वाचवली. त्याइनं कागदावर लिहून देल्लं काय काय द्यायचं नाई ते. भाईनं तो कागद दुकानात चिटकवला, देवाच्या फोटोवानी लोकं पाहत होते.

आता सांगा, आपल्या इकडं शेंगदाणा कशात नाई? भाजीत कूट, चटणीत कूट, तेल त्याचंच. ईदीले सगळे पोट्टे शीरखुर्मा पेतात, हे पोट्टी खजूर चावत बसे. वाढदिवसाले दुसऱ्याच्या घरी गेली तं हात मागं धरून उभी राहे. मांगे नाई कधी. भाईले तेच पाहवत नव्हतं. म्हणे, "रडली असती तं मी समजलो असतो. हे तं काही बोलतच नाई."

दुकानात एक मायक्रोवेव्ह पडून होता. एक साहेब दुरुस्तीले टाकून गेले, बदली झाली, नेलाच नाई. भाईनं तो नीट केला अन् घरात आणू देल्ला नाई. म्हणे, स्वयंपाकघरात हवेतबी कूट उडते. दुकानातच ठेवला, वरून चादर. त्याच्यात इनायाचं सोडून दुसरं काही जाणार नाई. शमानं एकदा घाईत त्याच्यात आपला चहा गरम केला तं भाईनं दिवसभर पुसून काढला तो, अन् तिच्याशी बोलला नाई दोन दिवस.

मंग मोबाइलवर पाहून पाहून शिकला. तांदळाचं पीठ घरच्याच मिक्सरात, तोही मिक्सर येगळा. केळं कुस्करून, गूळ, सूर्यफुलाचं तेल, सोडा, वरून लिंबू. गिलास अर्धा भरायचा, का ते फुगून वर येते. पयल्यांदा इटेवानी झालं. दुसऱ्यांदा इनायानंच कुत्र्याले टाकलं. पंधरा-वीस वेळा तं वायाच गेलं. मंग एक दिवस भाईले समजलं का पीठ बरोबर आहे, चुकते ते करंटचं. आमच्या इकडं होल्टेज कधी दोनशे तीस, कधी एकशे ऐंशी. मशीन तितकं तापतच नाई. तं भाईनं मीटर लावलं बाजूले. काटा पाहे अन् मिनिटं लावे. इतका काटा तं दोन मिनिटं, इतका खाली आला तं साडेतीन, मधात पडला तं उघडून अजून थोडं. सगळं त्याच्या डोक्यात. लिहिलं नाई कुठं. म्या म्हटलं एकदा, लिहून ठेव ना भाई, तं म्हणे, "मी कुठं चाललो?"

त्या दिवशी शाळेत आनंद मेळावा होता. पोट्टे घरून खायचं करून आणतात अन् विकतात. दरवर्षी इनाया नुसती फिरे. औंदा भाईनं गुरुजीइले सांगून तिचं दुकान लावलं. "नानाचं पुडिंग" असं पुठ्ठ्यावर लिहिलं, इनाया भाईले नाना म्हणे. भाई म्हणे, आज सगळे खातीन अन् हेबी खाईन, त्याइच्या संगं उभी राहून. बस, तेवढंच पाह्यजे होतं त्याले.

बारा गिलास झाले ते घेऊन शमा अन् इनाया गेल्या. बाकी बारा भाई सायकलवर आणणार होता. अकरा वाजता असन, मले हाक मारली. पाहते तं स्टुलावर बसला, हात छातीवर, घामानं बनियान ओला.

"काय झालं भाई?"

"काही नाई गं, गॅस झाला. सकाळपासून काही खाल्लं नाई ना."

म्या काय केलं? त्याचाच सोड्याचा डबा समोर होता. चमचाभर सोडा पाण्यात टाकला, लिंबू पिळलं, देल्लं. त्याले मोठी ढेकर आली. म्हणे, "पाय, उतरलं." अन् उठून अजून गिलास भरू लागला. मीबी भांडे घासाले गेली. म्या त्याले डॉक्टरकडं नेलं नाई. शेजारी रिक्षा उभा होता. मले सुचलंच नाई. आमच्या आईलेबी छातीत दुखे तं सोडाच देत होतो आम्ही. तिचा खरंच गॅस होता.

एक वाजता मशीन टिंग वाजलं अन् कोणी उघडलंच नाई. मी म्हणली, भाई गेला वाटते शाळेत. येऊन पाह्यलं तं खाली पडला होता, गिलास हातात तसाच.

सरकारी दवाखान्यात म्हणे, हार्टचं आहे, नांदेडले न्या. अँब्युलन्स मिळाली. हदगावच्या अलीकडं भाईनं डोळे फिरवले. अँब्युलन्सवाल्या पोरानं छाती दाबली लय वेळ. मंग हात काढून घेतला. डॉक्टर मंग म्हणे, दोन तास आधी आणलं असतं तं. पुढचं म्या ऐकलं नाई. दोन तास आधी तं मी सोडा देऊन राह्यली होती.

तिकडं इनायाचे बाराही गिलास खपले होते. तिनं खाल्लं नव्हतं. म्हणे, नाना आले का त्याइच्या संगं खाईन. शमाले फोन गेला तवा हे पोट्टी शाळेच्या दारात उभी राहून सायकल पाहत होती.

रात्रीच मिट्टी देल्ली.

आमच्यात मय्यतीच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाई. शेजारपाजारचे खाणं आणतात. आणलंबी लोकाइनं, लय आणलं. दालचा, भात, रोट्या, कोणी बिर्याणी. सगळ्याच्या डेगी झाकून ठेवल्या. अन् इनायाले त्याच्यातलं एकबी चालत नाई. कोणाच्या तेलाचं, कोणाच्या कूटाचं, काय भरवसा? पयल्या दिवशी केळं खाल्लं, खजूर खाल्ले. दुसऱ्या दिवशी केळंबी खाईना. नुसतं पाणी.

शेजारची बसंतीबाई भात-वरण घेऊन आली. दारातच म्हणे, "पोरीसाठी येगळं केलं व जैबुनबी. शेंगदाणा नाई टाकला, देवाची आण."

शमानं इचारलं, "तेल कोणतं मावशी?"

"तेल व्हय? शेंगदाण्याचंच ना, आपल्या घाण्याचं."

अन् बोलता बोलताच तिचं तोंड उतरलं. डबा पदराखाली धरून बसून राह्यली बिचारी, रडली.

शमा उठली. म्हणे, "फूफी, मी करते. दुकानात."

आमची म्हातारी खाला, आईची बहीण, भिंतीले टेकून तसबीची माळ घेऊन बसली होती. तिनं ऐकलं. "काय करते? मय्यतीच्या घरात? अन् गोड?"

"चूल नाई पेटत खाला. करंटवर आहे."

"करंटची आग काय आग नाई? बाप कबरीत जाऊन दोन दिवस नाई झाले अन् तू केक करून राह्यली? लोकं थुंकतीन."

"तं पोट्टी मरू देऊ?" शमा वरडली. खाला तोंड फिरवून तसबी ओढू लागली.

आम्ही दुकान मागून उघडलं. शमानं पीठ कालवलं, म्या केळं कुस्करलं. सोडा तिनं टाकला. मीटरचा काटा हालून राह्यला होता, कुठं थांबला तं किती मिनिटं लावायचे, आम्हा दोघीइले माहीत नाई. तीन लावले. काढलं तं मधात कच्चं. अजून एक लावलं तं बुडाले दगड झाला, मधात कच्चं ते कच्चंच.

इनायानं पाह्यलं. नाना असता तं नाक मुरडलं असतं. आता बायाइच्या मधात बसून चमच्यानं वरवरचं खाल्लं, मंग कच्चंबी खाल्लं.

तेवढ्यात महागावहून एक दूरची नात्यातली बाई आली. बसली, रडली, डोळे पुसले. मंग इनायाकडं पाहून मले हळूच इचारलं, "हे कोणाच्या घरून आलं?"

म्या म्हटलं, "आमच्याच."

तिनं ओढणी डोक्यावर सारखी केली अन् दुसरीकडं पाहू लागली. इनाया बोट घालून गिलास पुसत होती.