पत्त्यातला शेवटचा आकडा

थोरलीनं वेबसाइटी करायला घेतल्या तेव्हा धाकटी लग्न होऊन घरात यायची होती. अठरा वर्षं झाली त्याला. पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून तिचं टेबल, त्यावर दोन पडदे, आणि कीबोर्डवरची काही अक्षरं बोटांनी पार पुसून गेलेली. शाळा, दातांचे डॉक्टर, चष्म्याचं दुकान, सगळ्यांची पानं तिनं एकेक ओळ हातानं लिहून उभी केली. बाहेरून आलेली माहिती गाळून घेतल्याशिवाय आत सोडायची नाही, पासवर्ड आहे तसा कधी साठवायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. आणि सासूबाई चारचौघींत काय सांगायच्या? "थोरली ना, ती काहीतरी कॉम्प्युटरचं करते."

धाकटी जाऊ आधी ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालायची. सहा वर्षांपूर्वी ती आली नि म्हणाली, "ताई, मला शिकवाल तुमचं काम?" थोरलीनं शिकवलं. हातचं काही राखलं नाही. तिथंच आपण चुकलो, असं तिला पुढे पुढे वाटायला लागलं.

कारण धाकटी सुसाट निघाली. तयार भाग जोडून ती पानं उभी करायची, लिहितानाच चुका लाल करून दाखवणारं साधन वापरायची, एक बटण दाबलं की साइट सर्व्हरवर चढायची. थोरलीला आठवडा लागायचा तिथं धाकटी दोन दिवसांत मोकळी, वर नखं रंगवायलाही तिला वेळ. "काय हो ताई, अजून हातानंच लिहिता?" ती हसून विचारायची. त्या हसण्यात काही वाकडं नव्हतं. थोरलीला ते जास्तच झोंबायचं.

त्यातून दवाखान्याचं प्रकरण झालं. अकरा वर्षं थोरलीनं सांभाळलेली साइट डॉक्टरीणबाईंनी धाकटीकडे दिली. "घरातल्या घरातच राहिली की!" त्या वर म्हणाल्या. सासूबाई फोनवर मैत्रिणीला सांगत होत्या, "अख्ख्या दवाखान्याची वेबसाइट आमच्या धाकटीनं केली!" शेजारीच कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या थोरलीनं एका उशीच्या अभ्र्याची घडी चार वेळा मोडली.

महिन्याभरानं तिनं त्याच दवाखान्यात रक्त तपासून घेतलं. मंगळवारी सकाळी रिपोर्ट आला. लॉगिन करून तिनं पान उघडलं आणि सवयीनं नजर वर पत्त्याच्या पट्टीकडे गेली. शेवटी एक क्रमांक होता. तिनं शेवटचा आकडा एकानं वाढवला.

कुणा अनोळखी बाईचा रिपोर्ट उघडला. नाव, वय, सगळं.

धाकटीचं पान एवढंच विचारत होतं, की लॉगिन केलंय का? हा रिपोर्ट तुमचाच आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. नवशिक्यानं करावी तशी चूक! थोरलीला गुदगुल्या झाल्या. तिनं फोन हातात घेतला आणि परत ठेवला. रविवारी सगळी जेवायला जमणार होती. सासूबाईंच्या देखत सांगायचं, अगदी सहज, डाळ वाढता वाढता.

बुधवारी तिनं भोक अजून आहे ना, पाहिलं. गुरुवारीही पाहिलं. सात जणांचे रिपोर्ट उघडून झाले. सातवा त्यांच्याच इमारतीत खाली दुकान असलेल्या टेलरकाकांचा निघाला, आणि तो चांगला नव्हता.

शुक्रवारी सकाळी काका जिन्यात भेटले. "काय म्हणताय?" तिनं नाइलाजानं विचारलं.

"ठणठणीत!" काका म्हणाले नि हातातली मापाची पट्टी गळ्यात टाकून उतरून गेले.

वर येऊन तिनं धाकटीला फोन लावला. "अगं, दवाखान्याच्या साइटवर दुसऱ्यांचे रिपोर्ट दिसतायत. आत्ताच लक्षात आलं माझ्या."

आत्ताच. तो शब्द जिभेवरून आपसूक घसरला.

धाकटीनं आधी साइट बंद केली, तासाभरात भोक बुजवलं, आणि मग कुणी काय पाहिलं ते शोधायला सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. कोणतं पान कधी आणि कुणाच्या खात्यातून उघडलं, सगळं तिथं ओळीनं लिहिलेलं असतं. थोरली जळफळाटात हे साफ विसरली होती.

दुपारी धाकटी आली. चहा नको म्हणाली. "ताई, मंगळवारी दहा वाजून सहा मिनिटं."

थोरलीनं पुढ्यातला कीबोर्ड बाजूला सारला.

"रविवारची वाट बघत होतात?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो. तू तोंडावर पडावीस असं वाटलं मला."

धाकटीचे डोळे भरले. "मला वाटायचं, तुम्हाला माझं कौतुक आहे."

"आहे गं. तेच तर खुपतं."

मग धाकटी नाक पुसत म्हणाली, "त्या सातही जणांना कळवावं लागेल. तुमच्या नावानिशी."

"टेलरकाकांना मी सांगते."

ती खाली गेली. काकांनी मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं. "बायकोला अजून सांगितलं नव्हतं मी," ते म्हणाले. "आता आजच सांगतो." मग मान खाली घालून त्यांनी मशीन सुरू केलं. पुढे कित्येक महिने जिन्यात ते तिला आधी वाट करून द्यायचे, बोलायचे मात्र नाहीत.

रविवारचं जेवण झालं. धाकटीनं सासूबाईंना अवाक्षर सांगितलं नाही. सोमवारी तिनं डॉक्टरीणबाईंना अहवाल धाडला, एक प्रत थोरलीला. पहिलंच वाक्य होतं, 'चूक माझ्या कोडमधली आहे.' पुढे भोक कसं होतं, कसं बुजवलं, बाकीची पानं कशी तपासली. थोरलीबद्दल दोनच ओळी: चूक त्यांना मंगळवारी दिसली, त्यांनी शुक्रवारी कळवली. कारण लिहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी काम धाकटीकडेच ठेवलं.

थोरलीनं तो अहवाल तीनदा वाचला. कुठं एखादा शब्द जास्त, एखादी पळवाट, निदान एखादी शुद्धलेखनाची चूक? काही सापडेना. इतकं सरळ आणि स्वच्छ तिला स्वतःला अठरा वर्षांत लिहिता आलं नव्हतं. आणि तेच तिला पुन्हा खुपलं.