करणाऱ्याचं ताट पहिलं

सकाळी मी मटार सोलत बसले होते आणि सुधाकररावांचा फोन आला. "वहिनी, मंगल गेली. झोपेतच." मी उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या आणि मगच चप्पल घालून समोरच्या बिल्डिंगमध्ये गेले. इरा, निषाद, तुमची आजी अशीच आहे, काम अर्धं टाकत नाही. आता काही आठवडे उलटलेत, तेव्हा तुम्ही दर सुट्टीत विचारता त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हरकत नाही... आजी, तू सगळ्यांच्या आधी का जेवतेस? तिकडे कॅनडात तुमची आई हे वाचून दाखवेल.

आम्ही आकुर्डीत राहायला आलो तेव्हा मंगल चिंचवडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करायची आणि संध्याकाळी कथा लिहायची. पहिल्याच रविवारी तिनं आम्हांला जेवायला बोलावलं, तुमच्या पणजीसकट. स्वयंपाक झाला, आणि मंगलनं स्वतःचं ताट वाढून घेतलं. ओट्याशेजारी एक लोखंडी खुर्ची होती, कँटीनच्या भंगारातून आणलेली. तिच्यावर बसून ती शांतपणे जेवू लागली. आम्ही सगळे बघत राहिलो. त्या घरात जो रांधेल त्यानं आधी जेवायचं असा नियम होता. तिच्या नवऱ्यानं, सुधाकररावांनी रांधलं तर खुर्ची त्यांची. तुमच्या पणजीला राहवेना. "पोरी, देवाला तरी दाखवलास का नैवेद्य?"

"दाखवला की काकू. देवानं काही केलं नव्हतं, तरी त्याला सूट दिली."

घरी येईपर्यंत पणजी पुटपुटत होत्या. पुढच्या सणाला मात्र पुरण वाटून झाल्यावर त्यांनी पाट ओढला आणि मला म्हणाल्या, "माझं वाढ गं आधी. पोळ्या मी केल्यात." मी कॉलेजात इंग्रजी पुस्तकांतून स्त्रीवाद शिकले होते, परीक्षेत त्यावर उत्तरंही लिहिली होती. तो पुरणपोळी खाताना मी पहिल्यांदाच पाहिला.

मंगलचा पहिला कथासंग्रह 'गार आमटी'. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या बायकांच्या गोष्टी. एका सभेत एका गृहस्थांनी विचारलं, "बाई, तुम्ही लेखिका लोक स्वयंपाकघरातून बाहेर कधी पडणार?" मंगल म्हणाली, "तुम्ही आत आलात की." सभागृह हसलं, ते गृहस्थही हसले आणि जाताना पुस्तक विकत घेऊन गेले. पुढे चाकणच्या कारखान्यांत मुली लाइनवर उभ्या राहू लागल्या, तेव्हा तिनं नोकरी सोडून त्यांच्यावर 'उभ्यानं' हे पुस्तक लिहिलं. मराठवाड्यातून आलेल्या, एका खोलीत चौघी राहणाऱ्या मुली. शिफ्ट सुटली की त्या कंपनीच्या बसनं आकुर्डीला यायच्या, आणि मंगल प्रत्येकीला तिच्यावरची पानं वाचून दाखवायची. नको म्हटलं की ओळ काढायची, वाद नाही. एकदा मी तिथंच होते. एक मुलगी मधेच म्हणाली, "म्याडम, मी रडले नव्हते. चिडले होते. तेवढं बदला." मंगलनं तिथल्या तिथं बदललं. मग त्याच मुलीनं पिठलं केलं आणि लोखंडी खुर्चीवर बसून आधी खाल्लं, आम्ही ताटं घेऊन रांगेत. 'उभ्यानं'ला मोठं पारितोषिक मिळालं तेव्हा मंगलनं त्या सगळ्यांना स्टेजवर खुर्च्या मांडून बसवलं होतं.

तेराव्याला मात्र मला धास्ती होती. हा नियम मंगलचा होता की त्या घराचा? सुधाकरराव इतकी वर्षं तिच्या मागे मागे चालले, की त्यांनाही तो पटला होता? मंगलकडे पुष्कळ वर्षं मदतीला असलेल्या सुमनताई पहाटेपासून आणखी दोघी बायकांना घेऊन स्वयंपाकाला लागल्या होत्या. नैवेद्य झाला, टेबलांवर ताटं मांडली गेली, आणि सुधाकररावांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, फर्मावलं, "आधी थोरामोठ्यांची पंगत. आज तरी तिचं ते नाटक नको."

मी सुमनताईंकडे पाहिलं, तर त्याच कानकोंड्या झालेल्या. "व्हय दादा, आज नगं. आमी मागनं बसू. लोकं काय म्हणतील?"

सुधाकरराव आत गेले, ती लोखंडी खुर्ची उचलून आणली आणि ताटापुढे ठेवली.

"अक्का, खीर मी केलीय. मी बसतो. सुमनताई, आता मला एकट्याला जेवायला लावू नका."

सुमनताईंनी पदराला हात पुसले आणि त्यांच्या शेजारी बसल्या, मग त्या दोघीही. शेवटी अक्कांनी पळी उचलली आणि खीर वाढायला स्वतःच वाकल्या. "बसलाच आहात तर नीट जेवा. खीर ऊन आहे तोवर."

परवा दुपारी मी डबा परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. सुधाकररावांनी स्वतःपुरती भाजी-भाकरी केली होती आणि ओट्याशेजारी खुर्चीवर बसून ते जेवत होते, समोर 'गार आमटी' उघडी ठेवून. मला बसा म्हणाले, पण उठले नाहीत. मला बरं वाटलं.

तर डिसेंबरात तुम्ही याल तेव्हा पहिल्या सकाळचा चहा निषाद करेल. साखर कमी-जास्त झाली तरी चालेल. आम्ही सगळे थांबू, पहिला कप त्याचा.