तात्याकाकांचा पांढरा डोळा

तात्याकाकांच्या हाताला कायम चिकटा असायचा. भुईगावच्या आमच्या वाडीत राजेळी केळी वाळवून सुकेळी करत आणि ती बांधता बांधता काका तोंडात टाकत राहत. दाराची कडी, वर्तमानपत्र, माझ्या वेण्या, सगळं चिकट. सदऱ्याच्या खिशात मुंग्या फिरायच्या. मला शिसारी यायची.

काकांना मधुमेह होता. काकू ओरडली की म्हणत, "गोळी घेतो ना? मग तिलाही काही काम नको का?"

एका सकाळी ते वाडीत हवेतच टाळ्या मारत होते. "डास बघ किती!" डास नव्हतेच. वसईच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून डोळे तपासले. म्हणाल्या, "साखरेमुळे पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्यात. नव्या फुटल्यात त्या फार नाजूक, त्यांतून रक्त झिरपतंय. तेच तुम्हाला काळं दिसतं. साखर आणि रक्तदाब आवरा, लेसर करून घ्या. गेलेली नजर कदाचित येणार नाही, पण उरलेली वाचेल."

काकांनी फक्त 'येणार नाही' एवढंच ऐकलं. "मग डोळ्यात डाग कशाला द्यायचे?"

ते कामणजवळच्या एका औषधवाल्याकडे जाऊ लागले. एकदा मी सोबत होते. त्या माणसाने मधाच्या बाटलीचं बूच दातांनी काढलं, पीस जिभेने चाटून सरळ केलं आणि त्याच पिसाने काकांच्या डाव्या डोळ्यात मध सोडला. बाटलीत मेलेली माशी तरंगत होती. "जळजळतंय म्हणजे गुण येतोय," तो म्हणाला. काकांच्या गोळ्याही त्याने बंद केल्या.

थोड्याच दिवसांत डोळ्यात पू झाला. उशीला घाण वास येऊ लागला. बुबुळ पांढरं पडलं आणि तो डोळा गेलाच. त्याने घरी घालायला दिलेली मधाची बाटली काकूने संडासात रिकामी केली. "उरलेला डोळा मी त्या घाणीला देणार नाही," म्हणाली आणि रिक्षा बोलावली. उजव्या डोळ्याला टप्प्याटप्प्याने लेसर झालं. काका पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले. सुकेळी बांधायला दुसरं माणूस ठेवलं.

मग काकांनी एक नाद धरला. रविवारी त्या औषधवाल्याच्या अंगणात जाऊन बसायचे आणि कुणी आलं की काळा चष्मा काढायचे. "बघा. हा यांचा गुण." लोक तोंड फिरवत. "किळस आली ना? मग सरळ वसईला जा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे." औषधवाल्याने शिव्या दिल्या, एकदा ढकलून पाडलं. काका पुढच्या रविवारी हजर. त्या माणसाची किळस मला अजून येते. काकांची मात्र पुन्हा कधी आली नाही.

काही वर्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊन काका गेले. अंत्यदर्शनाला एक अनोळखी बाई आली होती. काकूने विचारलं, "तुम्ही कोण?"

"यांचा डोळा बघितला नि त्या आंगनातनंच मागं फिरले," ती म्हणाली. "लेजर केलं. दिसतं मला."