नंबर पडलेली झाडं

सकाळी वेटिंग हॉलमध्ये शिरले, तर एक म्हातारा माझ्या चित्राकडे पाठ करून बसला होता. नुसता बसला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्यानं खुर्ची उचलून उलटी फिरवली होती आणि शेजारी बायकोलाही तसंच बसवलं होतं.

मी म्युरल करते. म्हणजे भिंतीवरच काढलेलं मोठं चित्र. हे काम चंद्रपुरातल्या एका हार्ट हॉस्पिटलचं होतं, आणि माझ्या आजवरच्या भिंतींमधली ही सगळ्यात मोठी भिंत. तिथल्या डॉक्टर मॅडमनी एवढंच सांगितलं होतं, "पेशंट आत यायच्या आधी त्याचा जीव थोडा शांत झाला पाहिजे. कसा, ते तुम्ही बघा." मी आमच्या आलापल्लीच्या जंगलातलं सागवान उभं केलं. खऱ्या मापाची खोडं, जमिनीपासून छतापर्यंत. आता फक्त वार्निशचा हात राहिला होता.

मी म्हाताऱ्याजवळ गेले.

"काकाजी, चित्र नाई आवडलं का?"

"चित्र मस्त हाय बाई. खोडं तं असली वाटते. पण मले तिकडं पाहवत नाई."

"काऊन?"

"हे सारे कटाईचे झाडं हायेत ना. अन् उद्या माहा ऑपरेशन हाय."

मला आधी हसू आलं. मग मी वळून माझीच भिंत पाहिली आणि हसू जागच्या जागी विरलं. प्रत्येक खोडावर छातीच्या उंचीवर साल तासलेली होती, आणि त्या तासलेल्या जागी काळा नंबर. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. एकही झाड सुटलेलं नव्हतं.

हे असं कसं झालं ते सांगायला हवं. जंगलाचा जो तुकडा त्या वर्षी तोडीला निघतो त्याला कूप म्हणतात. त्यातलं कुठलं झाड तोडायचं ते साहेब ठरवतात. मग मजूर त्याची साल थोडी तासतो आणि डांबरानं नंबर घालतो. माझ्या बाबांनी जन्मभर हेच काम केलं. सुटीच्या दिवशी डांबराचा डबा माझ्या हातात असायचा. मी आकडे पाटीवर नाही, झाडांवर शिकले. त्यामुळे माझ्या चित्रात आधी खोड येतं, मग नंबर, आणि पानं अगदी शेवटी. नागपूरला आर्ट कॉलेजात सरांनी ते नंबर पाहून निसर्गावरच्या माणसाच्या सत्तेबद्दल अर्धा तास भाषण दिलं होतं. मी मान डोलावली. खरं कारण एवढंच, की नंबर नसलेलं झाड मला बटणं न लावलेल्या शर्टासारखं अर्धवट वाटतं.

माझ्या लेखी नंबर म्हणजे बाबांचं अक्षर. नंबर पडल्यावर झाडाचं पुढे काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. पण बारा दिवस ब्रश चालवताना ते एकदाही मनात आलं नाही. या गोष्टीची मला फार लाज वाटली.

मॅडमना सांगणं भाग होतं.

"म्हणजे माझ्या हार्ट पेशंटसमोर तुम्ही तोडायची झाडं उभी केलीत?"

"हो मॅडम."

"पुसा ते नंबर. संध्याकाळपर्यंत नाही जमलं, तर मी पांढरा रंग मारून घेते. धबधब्याचं फ्लेक्स तयार मिळतं."

धबधब्याचं फ्लेक्स! मी निमूट तपकिरी रंग कालवला आणि पहिल्या नंबरावर ब्रश टेकवणार, तोच मागून आवाज आला. पाठ करून बसलेल्या काकाजींचं सगळं लक्ष इकडेच होतं.

"बाई, पुसू नोका जी. पुसल्या नंबराचं झाड म्हंजे चोरीचं झाड. मी कूपात कुऱ्हाड चालवली हाय, मले मालूम हाय."

आता झाली का पंचाईत! ठेवावं तर कटाईचं, पुसावं तर चोरीचं. मी बाबांना फोन लावला. सगळं ऐकून ते पोटभर हसले. मग म्हणाले, "काऊन व पोरी, कोठंबी नंबर टाकत फिरतेस? हात नोको लावू. मी येऊन राह्यलो."

दुपारच्या एसटीनं ते आले. हातात गेरूची पुडी. माझं भिंतीवरचं काम ते पहिल्यांदाच बघत होते. एकेक खोड निरखत पुढे सरकले. मग त्रेचाळीसपाशी थांबले.

"चारचा आकडा तं माह्यावानीच काढतेस."

एवढंच. मला तेवढं पुरे होतं.

मग त्यांनी काकाजींजवळ खुर्ची ओढली. दोघांच्या पाच मिनिटांत जुन्या ओळखी निघाल्या, साहेब कोण, मुकादम कोण. आणि उपायही निघाला. कधीकधी साहेब फेरतपासणीला येत आणि एखादं झाड सोडून देत. नाल्याच्या काठचं, किंवा पाखरांची घरटी असलेलं. तेव्हा नंबर पुसायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि खाली खोडाला गेरूचा पट्टा काढायचा. पट्टा पडला की त्या झाडाला कुऱ्हाड लागत नाही.

पहिली रेघ आणि पहिला पट्टा बाबांनी काढला. बाकीचे मी. काळसर खोडांवर तांबडे पट्टे चढत गेले आणि माझं चित्र पहिल्यापेक्षा चांगलं दिसू लागलं, हे मला कबूल करावं लागेल.

संध्याकाळी मॅडम आल्या. बाबांनी त्यांना सगळं समजावलं. काकाजी मात्र अजून पाठ करूनच.

"आता काय राहिलं, काकाजी?" मॅडमनी विचारलं.

"साहेबाची सही नाई ना मॅडम. सहीबगर झाड सुटत नाई."

"मग साहेब कुठून आणायचा?"

"इथी तं तुमीच साहेब."

मॅडमनी माझ्या हातातला ब्रश घेतला, गेरूत बुडवला आणि शेवटच्या झाडाच्या बुंध्याशी वाकून चांगली ठळक सही केली. खाली तारीखही घातली.

काकाजी उठले. आधी बायकोची खुर्ची फिरवली, मग स्वतःची.

ऑपरेशन नीट झालं. ते मॅडमच्या हाताचं यश, माझ्या भिंतीचं नाही. मात्र त्या भिंतीवर मी माझी सही केली नाही. एका कूपाला एकाच साहेबाची सही लागते, असं बाबांचं म्हणणं.

नंबर मी अजूनही टाकते. ती सवय काही जायची नाही. फक्त गेरूची पुडी आता ब्रशांच्याच पिशवीत असते.