बेन्झाइतेनचं माहेर

क्योटोमध्ये आम्हाला पायी देवळं दाखवायला मिचिकोसान आल्या होत्या. पाहुण्यांना हौसेने, विनामोबदला गाव दाखवणाऱ्या या आजी साठीनंतर इंग्रजी शिकल्या होत्या. शब्द अडला की त्या लाजत नसत, सरळ हातवारे करून सांगत.

एका लहानशा देवळात वीणेसारखं वाद्य घेतलेली देवी होती. मिचिकोसाननी माझ्या आईला पुढे बोलावलं. "ही बेन्झाइतेन, तुमच्याकडून आलेली. माहेरी ती कशी होती, ते आता तुम्ही सांगा."

मी मराठीत सांगितल्यावर आईचे डोळे चमकले. "अगंबाई, म्हणजे सरस्वतीच की ही!"

आईला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही. तरी ती मराठीतच बोलू लागली. दसऱ्याला आम्ही पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढतो, हे सांगताना ती अंगणातल्या वाळूपाशी बसली आणि बोटाने आकडे काढू लागली. बाकीचे पाहुणे भोवती जमले. मी भाषांतराला तोंड उघडलं, तर मिचिकोसान म्हणाल्या, "थांबा, कळतंय मला."

परक्याला आपलं काही दाखवायचं तर भाषा हवी, असं मी समजत होते. त्या दोघींकडे पाहताना वाटलं, आपलं आहे ते समोरच्याला आवडेलच, एवढी खात्री असली की भाषा मागून येते.

मिचिकोसानही वाळूत सरस्वती काढायला बसल्या. पहिलाच आकडा वाकडा आला. आईने हसत त्यांचं बोट धरलं आणि तो पुन्हा गिरवून घेतला.