दूध आटू द्यायचं नाही

दवाखान्याच्या लाँड्रीत मळकी चादर मशीनमध्ये टाकण्याआधी हातानं चाचपावी लागते. चमचे, कात्र्या, कुणाची कवळी, काय वाट्टेल ते निघतं. जाड हातमोज्यांतून हाताला काही जाणवत नाही, म्हणून सगळ्याच बायका मोजे काढून ठेवतात. तिनंही काढले होते. चादरीतली इंजेक्शनची सुई थेट बोटाच्या पेरात घुसली.

तिनं बोट दाबून दाबून रक्त काढलं, ब्लीचच्या बादलीत बुडवलं आणि गप्प बसली. मुकादमानं आधी मोजेच विचारले असते. चादर कुठल्या रोग्याची, कुणाला ठाऊक!

आठवड्यानं ताप भरला. घसा धरला. मानेला गाठी लागल्या. त्याच दिवसापासून तिनं तान्ह्या लेकीला अंगावर घेणं बंद केलं.

"दूध गेलं माझं," ती सासूला म्हणाली.

"गेलं? अगं, छाती भिजलीय तुझी, मी काय आंधळी आहे? पोर कोकलून कोकलून निळी पडली आणि आई बसलीय भिंतीकडे तोंड करून!"

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातल्या एचआयव्ही चाचणीच्या खोलीत गेली आणि सुईचं सांगितलं. तिथल्या ताईंनी पहिलंच विचारलं, "टोचली कधी?"

तिनं दिवस सांगितला, तशा ताई कपाळाला हात लावून बसल्या.

"लगेच यायचं होतंस गं. एचआयव्ही रोखायच्या गोळ्या असतात, पण तीन दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात. आता उपयोग नाही. आणि ब्लीच कशाला? साबण नि वाहतं पाणी, बस्स. दाबायचंसुद्धा नाही."

"ताप आलाय. म्हणजे झालंच ना?"

"तापावरून काही ठरत नाही. साध्या घशानंही गाठी येतात, आणि लागण झालेल्या कित्येकांना काहीच होत नाही. एका सुईनं लागण क्वचितच होते. पण खरं काय ते तपासणीतच कळणार."

रिपोर्ट आला. लागण नाही. ती हसायला लागली.

"थांब," ताई म्हणाल्या. "नुकती झालेली लागण यात दिसत नाही. दीड महिन्यानं ये, मग तीन महिन्यांनी. तोवर नवऱ्याला निरोध वापरायला सांग."

"पण मी तिला आठवडाभर पाजलंय, ताई."

ताईंनी रिपोर्ट तिच्याकडे सरकवला. "तुला लागण नसेल, तर तिला तुझ्यापासून काही नाही. ते नक्की कळेपर्यंत तिला डब्याचं दूध दे. तुझं काढून टाकत राहा, आटू देऊ नकोस. पुढं पाजता येईल."

घरी तिनं सासूला सगळं सांगितलं.  सासूनं नातीला उचललं, बाटली घेतली.

"तू इथंच थांब. तुझा वास आला की बाटली थुंकते ती."

दार लोटलं गेलं. ती दूध काढायला मोरीवर वाकली. पलीकडं लेक रडायला लागली, तशी हात न लावताच धार सुटली आणि मोरीत वाहत राहिली.